नवलकोलाचं भांडं

पाच वाजून बावन्न मिनिटांनी साधना जगदाळेने चौदा किलोंपैकी शेवटचा तुकडा कढईत टाकला. कढई टेबलाएवढी, चौकोनी, हँडल फिरवलं की पुढे कलणारी. गोमांसाचे सात तुकडे, प्रत्येकी दोन किलोंचे, धुरावलेल्या तेलात चरचरत होते. तिने हातमोजे घातले होते, चिमटा उजव्या हातात होता आणि नजर भिंतीवरच्या घड्याळाकडे. एका बाजूला चार मिनिटं. त्याआधी तुकडा हलवायचा नाही. हलवला की पाणी सुटतं, आणि मग मांस भाजलं जात नाही, उकडलं जातं.

डार्मश्टाटच्या दक्षिण भागातल्या एका वृद्धाश्रमाचं हे स्वयंपाकघर. नोव्हेंबर २००७ मधला बुधवार. बुधवारी इथे श्मोरब्राटन असतो, म्हणजे आधी खरपूस भाजून मग भाज्या, वाइन आणि रसात तीन-साडेतीन तास मंद शिजवलेलं गोमांस. सोबत बटाटे आणि लाल कोबी. चौऱ्याऐंशी ताटं, पावणेबाराला. उशीर झालेला इथे चालत नाही. अकरा चाळीसलाच म्हाताऱ्यांच्या चाकाच्या खुर्च्या जेवणघराच्या दाराशी रांग लावतात.

मोठ्या कढईशेजारच्या शेगडीवर दीड किलोचा ऐवज मावेल असं एक स्टीलचं पातेलं होतं. त्यातही तेल तापलं होतं. साधनाने त्यात नवलकोलाच्या जाड फोडी टाकल्या. सातशे ग्रॅम, काट्यावर मोजून. चौदा किलोंचा विसावा भाग.

या पातेल्याबद्दल आधी सांगायला हवं. साधना गोमांस खात नाही. मटण खाते, कोंबडी खाते, मासे तर आवडीने खाते. गोमांस कापते, भाजते, शिजवते, वाढते. त्याचा वास तिला त्रास देत नाही. मटण भाजताना येतो तसाच येतो, असं ती म्हणते. फक्त जिभेवर नको. का, हे तिने कधी कुणाला समजावून सांगितलं नाही, आणि कुणी खोदून विचारलंच तर "नको म्हणजे नको" एवढंच उत्तर मिळतं.

स्वयंपाक ती चाखून करायला शिकलीच नव्हती. कराडला सासूबाईंची खानावळ होती, इंजिनियरिंगच्या चाळीस मुलांची. सासूबाई नैवेद्याआधी आमटीचा थेंब जिभेला लावत नसत. पातेल्यातलं चाखलं की पातेलं उष्टं. मीठ हाताला कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांच्या हाताला ते कळत असे. साधनाने अकरा वर्षं त्यांच्या हाताखाली काढली. २००२ साली नवऱ्याला, श्रीपादला, इथल्या सॉफ्टवेअर कंपनीत काम मिळालं आणि ती दोघं मुलीला घेऊन आली. पुढच्या वसंतात ती या स्वयंपाकघरात भांडी विसळायला लागली. तिथून काही महिन्यांतच भाज्या चिरण्यावर, मग सॅलडवर, मग सूपवर. ब्राटन पहिल्यांदा तिच्याकडे आला तेव्हा हाताला मीठ कळेना. जनावर वेगळं, तुकडा वेगळा, रस वेगळा. तेव्हा तिने हे पातेलं काढलं.

पातेल्यात सगळं मोठ्या कढईसारखंच पडतं, विसाव्या हिश्शाने. कांदा, गाजर, लीक, सेलेरीचा गड्डा, टोमॅटोची पेस्ट, लाल वाइन, तमालपत्र, काळी मिरी. हाडांच्या बिनमिठाच्या रसाऐवजी भाज्यांचा बिनमिठाचा रस. मांसाऐवजी नवलकोल, कारण तो तासभर शिजला तरी फुटत नाही आणि मीठ धरतो. मग पातेल्यात मीठ घालायचं, चाखायचं, लागलं तर आणखी घालायचं. बारा ग्रॅम लागलं तर मोठ्या कढईत दोनशे चाळीस. चार वर्षांत एकाही बुधवारी चूक झाली नव्हती. दुपारी तोच नवलकोल ती डब्यातल्या पोळीबरोबर खायची. बाकीच्यांना वाटे, हे तिचं पथ्य.

प्रत्येक भांड्यामागे एक तक्ता असतो. माल कधी आला, वजन, तारीख, आल्यावरचं तापमान, शिजल्यावरचं तापमान, आणि शेवटचा रकाना: चव घेतली, सही. गेली दोन वर्षं त्या रकान्यात साधना S. J. लिहीत होती. चव तर ती घेतच होती.

आजचा बुधवार मात्र नेहमीचा नव्हता. साडेचार वर्षं स्वयंपाकघरात काम केलेल्या माणसाला इथे शिक्षणक्रम न करताही आचाऱ्याच्या परीक्षेला बाहेरून बसता येतं. त्यासाठी मालकाचं पत्र लागतं, की ही व्यक्ती ही ही कामं स्वतंत्रपणे करते. साधनाची साडेचार वर्षं दोन महिन्यांपूर्वी भरली होती. अर्ज शुक्रवारी संध्याकाळपर्यंत पोचायला हवा होता. मुख्य आचारी हेर, म्हणजे श्रीयुत, वेंडेल यांनी पत्र टाइप करून ठेवलं होतं. सही राहिली होती.

"बुधवारचा ब्राटन पूर्ण तुमचा," सोमवारी ते म्हणाले होते. "मी सकाळी मीटिंगला असेन. सव्वाअकराला येतो, जेवण गेलं की सही करतो. गेनाऊ?"

"गेनाऊ. अगदी तसंच," साधना म्हणाली होती.

परीक्षा पास झाली असती तर ती मदतनीस राहिली नसती, आचारी झाली असती. चव्वेचाळिसाव्या वर्षी पहिल्यांदा तिच्या हातात तिच्या कामाचा कागद आला असता. कराडच्या अकरा वर्षांचा असा कागद कुठेच नव्हता.

साडेसहाला तिने भाजलेले तुकडे बाहेर काढले, त्याच तेलात भाज्या परतल्या, पेस्ट काळपट होईपर्यंत खरवडत राहिली, तीन वेळा वाइन ओतून आटवली. मग रस, मग मांस परत आत, झाकण, आच मंद. पातेल्यातही तेच. साडेसातला पातेल्यातला रस चमच्यावर घेऊन चाखला. इथे तळहातावर थेंब घेऊन चाखता येत नाही. चमचा एकदाच वापरायचा आणि धुवायला टाकायचा. बारा ग्रॅम. चव बरोबर. तिने काट्यावर दोनशे चाळीस ग्रॅम मीठ मोजलं आणि मोठ्या कढईत टाकलं.

सहकारी गेर्लिंडे बटाटे सोलायच्या यंत्राशी उभी होती. वय छप्पन्न, आवाज सिगारेटने खरडलेला.

"काय गं, आज एवढी गप्प? सासूबाई येणार आहेत की काय?"

"सही होणार आहे."

"मग हस की. वेंडेलची सही म्हणजे काही पोपची नाही."

दहा चाळीसला जेवणघराकडच्या खिडकीशी आश्रमातले हेर र्‍यॉडर आले. वय त्र्याऐंशी. आयुष्यभर खाटकाचं दुकान चालवलेला माणूस. दर बुधवारी ते खिडकीवर दोन टकटक करतात आणि गेर्लिंडे त्यांना टोकाचा, जरा करपलेला काप सॉससह देते. नियमात ते बसत नाही. चार वर्षांत त्यांनी एकदाही छान म्हटलेलं नाही. "ठीक" म्हणाले की छान समजायचं.

आज त्यांनी काप तोंडात घातला, चावणं थांबवलं आणि कागदी रुमालात काढून ठेवला.

"फ्राऊ यागदाले," ते म्हणाले; जर्मन जिभेवर जगदाळेचं तसंच होतं. "जहाज कधी निघतंय?"

"कुठलं जहाज?"

"हे मांस घेऊन जाणारं. असं खारवलंय की अमेरिकेपर्यंत टिकेल."

गेर्लिंडे हसली. साधना हसली नाही. "चाख," ती गेर्लिंडेला म्हणाली.

"तूच चाख ना, तुझा ब्राटन आहे."

"गेर्लिंडे, चाख."

गेर्लिंडेने चमचा बुडवला, तोंडात घातला आणि तिचे डोळे बारीक झाले. "हं, म्हणजे... खारट आहे. बऱ्यापैकी." मग थोड्या वेळाने, "खूपच."

साधनाने पातेल्यातला रस पुन्हा चाखला. बरोबर होता. तोच हिशेब, तेच मीठ, तोच काटा. ती कचऱ्याच्या डब्याकडे गेली. सकाळी सव्वापाचला तिने फाडून टाकलेली प्लास्टिकची आवरणं तिथे होती. एक काढून तिने उजेडात धरलं. वजन, तारीख, तापमान. हे तिन्ही तिने सकाळी वाचलं होतं, कारण तक्त्यात हेच तीन रकाने होते. खाली, मुंगीएवढ्या अक्षरात, मालाचं नाव होतं: श्मोरब्राटन, मसाला लावलेला, मीठ एक पूर्णांक आठ टक्के. नेहमीचा माल साधा येतो. या वेळी पुरवठादाराने दुसरा पाठवला होता. कळवलं असेल किंवा नसेल.

चौदा किलोंचे एक पूर्णांक आठ टक्के म्हणजे दोनशे बावन्न ग्रॅम. त्यात तिचे दोनशे चाळीस. मांस आलं तेव्हाच त्यात पुरेसं मीठ होतं. मिठाला हात लावायचीच गरज नव्हती.

दहा पन्नास झाले होते. पावणेबाराला ताटं.

पुढची चाळीस मिनिटं साधना जे करू शकत होती ते तिने केलं, आणि त्यातली एक गोष्ट सोडून सगळं तिला जमत होतं. तिने कढई कलवून सगळा सॉस दोन बादल्यांत काढला. मांसाचे काप पाडून बिनमिठाच्या उकळत्या रसात बुडवले, म्हणजे मीठ बाहेर येईल. पातेल्यातला नवलकोल, भाज्या, रस सगळं यंत्रात फिरवून हाडांच्या बिनमिठाच्या रसात घातलं, हा नवा सॉस. बिनमिठाचे थोडे बटाटे वेगळे उकडायला लावले आणि ते कुस्करून सॉसला घट्टपणा आणला. जुना सॉस ओगराळ्याने मोजून परत घातला. एक लिटर. दोन लिटर. तीन.

किती घालायचा, हे कोण सांगणार?

"चाख."

"चालेल," गेर्लिंडे म्हणाली.

"चालेल म्हणजे? कमी की जास्त?"

"चालेल म्हणजे चालेल. मला काय माहीत? मी दिवसाला पंचवीस सिगारेटी ओढते. माझी जीभ म्हणजे पायपुसणं."

साधनाने खिडकीकडे पाहिलं. हेर र्‍यॉडर अजून तिथेच होते. असं काही बघायला त्यांना रोज मिळत नव्हतं. तिने चमचा पुढे केला.

"पाणी," ते म्हणाले.

"म्हणजे मीठ कमी?"

"मी म्हणालो पाणी. चवच नाही."

आणखी एक लिटर जुना सॉस. गेर्लिंडे म्हणाली आता खारट. र्‍यॉडर म्हणाले अजून पाणी. गेर्लिंडे म्हणाली, म्हाताऱ्यांना कशातच मीठ लागत नाही, त्यांचं ऐकू नकोस. र्‍यॉडर म्हणाले, हे मी ऐकलं. साधना दोघांच्या मध्ये चमचा धरून उभी होती. कढईत वाफाळणारा सॉस तिच्यापासून हातभर अंतरावर होता आणि तो कसा लागतो हे तिला दुसऱ्यांच्या तोंडून विचारावं लागत होतं. तिला इतका संताप आला की चमचा तिने धुवायच्या ट्रेमध्ये टाकला नाही, फेकला.

मग तिने भिंतीवरच्या पाटीवर खडूने हिशेब मांडला. जुन्या सॉसमध्ये किती मीठ, मांसात किती, रसात किती उतरलं असेल. साडेचार लिटर जुना, अकरा लिटर नवा. तिने तेवढंच घातलं आणि दोघांनाही पुन्हा चाखायला दिलं नाही. गेर्लिंडेने तक्ता पुढे केला. सवयीने, घाईत, साधनाने शेवटच्या रकान्यात S. J. लिहिलं.

सव्वाअकराला येणारे वेंडेल अकरा बत्तीसला आले. बादल्या, पाटीवरचा हिशेब, खिडकीतले र्‍यॉडर, सगळ्यावरून त्यांची नजर फिरली. त्यांनी चमचा घेतला, सॉस चाखला, मांसाचा कोपरा चाखला.

"जाऊ द्या," ते म्हणाले. ताटं गेली.

दोन वाजून दहा मिनिटांनी त्यांनी तिला काचेच्या केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर तक्ता होता, टाइप केलेलं पत्र होतं, एका वाटीत उरलेला सॉस होता आणि चमचा.

"सॉस सुधारला. मांस कडेला अजून खारट होतं, पण चाललं. बेचाळीस मिनिटांत हे सुधारणं सोपं नाही." ते स्तुती करतानाही तक्रार नोंदवत असल्यासारखे बोलतात. "आता मला सांगा, साडेसातला मीठ घातलंत, पावणेअकरापर्यंत तुम्हाला कळलं नाही. तीन तास. मग चव कधी घेतलीत?"

साधनाने सांगितलं. पातेलं, नवलकोल, विसावा हिस्सा. चार वर्षं.

वेंडेलनी तक्ता आपल्याकडे ओढला. मग म्हणाले, "आणि मी समजत होतो की ते तुमचं डाएट आहे."

"सगळेच समजत होते."

"हा हिशेब तुमचा स्वतःचा?"

"हो."

"चांगला आहे," ते म्हणाले. "पण तक्त्यात लिहिलंय, चव घेतली. दोन वर्षं. आजसुद्धा. या भांड्याची चव तुम्ही एकदाही घेतलेली नाही."

"चूक चव न घेतल्याने झाली नाही," साधना म्हणाली. तिचं जर्मन अशा वेळी नेहमीपेक्षा बरं होतं. "आवरण न वाचल्याने झाली. वाचलं असतं तर मीठ घातलंच नसतं. वाचायला चुकले, मान्य आहे."

"वाचायला मीही चुकतो. म्हणूनच तर चाखायचं. ज्या दिवशी वाचायचं राहून जातं त्या दिवसासाठी."

हे खरं होतं. तेच तिला जास्त लागलं.

वेंडेलनी पत्र तिच्याकडे फिरवलं. सहा कामं, क्रमाने. चौथं होतं: भाजून मंद शिजवायचे मांसाचे पदार्थ स्वतंत्रपणे तयार करणे, चव जुळवणे. त्यांनी वाटी दोन बोटांनी पुढे सरकवली.

"एक चमचा. माझ्यासमोर. मी सही करतो, आणि पुढे परीक्षेत काय करायचं ते तुम्ही बघा."

वाटीतला सॉस गार झाला होता. वर सायीसारखा पातळ थर आला होता. त्याचा रंग, घट्टपणा, वाइनची आंबूस कड, सगळं तिला माहीत होतं. तिनेच केला होता.

"शेवटचे दोन शब्द काढा," ती म्हणाली. "तयार करते एवढंच लिहा. ते खरं आहे."

"नमुना माझा नाही. शब्द बदलले तर पत्र परत येतं."

"मग राहू द्या."

"पुढची मुदत मेमध्ये आहे, फ्राऊ यागदाले."

"कळलं."

वेंडेलनी पेनाने आजच्या तक्त्यातली S. J. ही अक्षरं सरळ रेषेने खोडली आणि बाजूला स्वतःची सही केली. रागाने नाही, तापमान चुकलं की आकडा खोडतात तशी. पत्र त्यांनी खणात ठेवलं.

बाहेर गेर्लिंडे जमीन पुसत होती. "केली?"

"नाही."

"एका चमच्यासाठी?" गेर्लिंडेने मॉप टेकवला. "तू वेडी आहेस. चार वर्षं नवलकोलाला मीठ लावतेस आणि आम्हाला एक शब्द नाही. मी चाखलं असतं ना दर बुधवारी!"

"तुझी जीभ पायपुसणं आहे म्हणालीस."

"ते मी आज म्हणाले," गेर्लिंडे म्हणाली आणि पुन्हा पुसायला लागली.

ट्राममध्ये साधनाला खिडकीकडची जागा मिळाली. हातांना वाइनचा आणि करपलेल्या कांद्याचा वास होता. डब्यातल्या पोळ्या तशाच होत्या. नवलकोल सॉसमध्ये गेला होता.

श्रीपाद संध्याकाळी सहाला आला. तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने कोट काढला, टांगला आणि जरा थांबून म्हणाला, "अगं, एक चमचा घ्यायचा होतास. मागून चूळ भरायची."

"तुम्ही भरता का चूळ? कँटीनमध्ये गोमांसाचा गुलाश खाऊन?"

श्रीपादने टांगलेला कोट पुन्हा सरळ केला. हे तिला माहीत आहे हे त्याला आजच कळलं.

"अहो, मला वास कळतो. चार वर्षं तेच तर शिजवतेय," साधना म्हणाली. "तुम्हाला खा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, तरी खाता. खा. मी काही म्हटलं का कधी? पण मला सही पाहिजे म्हणून खा, असं कुणी सांगितलं की माझ्या घशाखाली उतरत नाही."

"मग परीक्षा?"

"मेमध्ये बघू."

"मेमध्ये काय बदलणार आहे?"

काही बदलणार नव्हतं. वाटी तीच असणार होती आणि चमचाही तोच.

सोळा वर्षांची तनया अभ्यासाच्या टेबलावरून सगळं ऐकत होती. "आई, दास इस्ट उनफेअर," ती म्हणाली.

"अनफेअर नाही गं," साधना म्हणाली. "सही मी केली होती." आणि मग, चिडून, "पण दोन शब्द काढायला काय झालं होतं त्या माणसाला!" तिने कणकेच्या डब्याचं झाकण असं आपटलं की ते खाली गडगडत गेलं. तनयाने उचलून दिलं. चटणी कपाटात होती, कांदा होता, सकाळच्या पोळ्या होत्याच. साधनाने त्या तव्यावर गरम केल्या आणि तिघांना वाढल्या.

झोपण्याआधी तिने आज निघताना आणून फ्रीजवर चुंबकाने लावलेली कामाच्या नव्या वेळापत्रकाची प्रत पाहिली. पुढच्या बुधवारसमोर तिचंच नाव होतं. ते वेंडेलनी खोडलं नव्हतं. उद्या गुरुवार. कामाची सुरुवात पावणेसहाला. जेवणात मिल्शराइस, म्हणजे दुधात शिजवलेला गोड भात, वर साखर आणि दालचिनी, चौऱ्याऐंशी ताटं. चव घेणार, सही: एस. जगदाळे.